सरड्याचे घर

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आम्ही आजवर किती विद्यार्थ्यांच्या तोंडावर फेकली असेल, याची गणती करणे कठीण आहे. पाठ केलेल्या टिपणांपलीकडे ज्याची बुद्धी जात नाही, त्याच्यासाठी ती आम्ही खास राखून ठेवली होती. परंतु ज्या प्राण्याच्या नावाने आम्ही तीस वर्षे लोकांस हिणवीत आलो, तो कुंपणापर्यंतच का धावतो, असा प्रश्न आमच्या मनात कधी उद्भवला नव्हता. तो उद्भवला, एक सरडाच आमच्या घरी बिऱ्हाडास आला तेव्हा.

आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा अकरा वर्षांचा मुलगा गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून सेलूस आमच्याकडे राहावयास आला. त्याच्या घरी काय घडले, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. काही काळ त्याने आमच्याकडे राहावे असे वडील माणसांनी ठरविले आणि त्यास कोणी विचारले नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. त्याच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती व दुसऱ्या हातात भोके पाडलेला एक खोका. खोक्यात वीतभर लांबीचा, गळ्याखाली काटेरी झालर असलेला, मातकट रंगाचा प्राणी डोळे मिटून बसला होता. आमच्या सौभाग्यवतींनी आत डोकावून पाहिले आणि त्या म्हणाल्या, "घरातली पाल झाडूने हाकलायची आणि सरडा पाळायचा, हा कुठला न्याय?"

या प्राण्यास इंग्रजीत 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. ड्रॅगन म्हणजे मुखातून अग्नी ओकणारा, असा आमचा वाङ्मयातील परिचय. हा ड्रॅगन मात्र स्वतःच्या अंगापुरतीही ऊब निर्माण करू शकत नाही! पूर्व ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रखरखीत प्रदेश हे त्याचे मूळ स्थान. एर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1926 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आमच्या कुंपणावर मान हलविणारा सरडा व हा पाहुणा एकाच कुळातील आहेत. ऑस्ट्रेलियाचा कायदा आपल्या देशातील असे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून जगभर घरोघरी पाळलेले हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांतच जन्मलेले असतात व आपल्या देशाचा सूर्य त्यांनी कधी पाहिलेला नसतो. शेजारच्या एका गृहस्थांनी, परदेशी जनावरापेक्षा आपली घोरपड काय वाईट, अशी पृच्छा केली. आम्हांस ठाऊक असलेली एकमेव पाळीव घोरपड म्हणजे तानाजीची यशवंती, आणि तीही दंतकथेतली. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड पाळण्यास सक्त मनाई आहे, हे आम्ही त्यांच्या कानावर घातले.

मुलाने सरड्याबरोबर एक दिवाही आणला होता; तो प्रवासात फुटला. नवा मागवावा असे तो हळूच म्हणाला. आम्ही हसलो. ज्या मराठवाड्यात सूर्य हवा त्याहून चौपट मिळतो, तेथे विजेचा सूर्य विकत आणावयाचा? आम्ही काचेची पेटी आमच्या अभ्यासिकेच्या पूर्वेकडील बंद खिडकीशी ठेवविली. सकाळी तीवर छान ऊन पडे. "झाले की नाही काम?" असे आम्ही विचारले, आणि मुलगा हसून "होय आजोबा" म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीस हसून "होय आजोबा" म्हणत असे. त्याची अभ्यासाची जागाही आम्ही त्याच खोलीत, आमच्या टेबलासमोर केली होती. डोळ्यांसमोर असला म्हणजे त्यास एकटे वाटणार नाही, अशी आमची समजूत होती.

माघ महिन्यात सरड्याने अन्न टाकले. त्याचे मागचे पाय थरथरू लागले. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे आमचे भाग्य. रविवार सरताच आम्ही दोघे आगगाडीने तेथे गेलो. तेथील तरुण डॉक्टरांनी जबडा हलकेच दाबून पाहिला व पेटी कोठे ठेवता, एवढेच विचारले. मग त्यांनी आम्हांस जे सांगितले, ते ऐकताना आम्ही प्राध्यापक आहोत याचा आम्हांस विसर पडला. उन्हातील ज्या अतिनील किरणांनी या प्राण्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, ते किरण खिडकीच्या काचेतून पार होत नाहीत. उजेड येतो, थोडी ऊबही येते. परंतु ज्याच्यावाचून अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही व हाडे मऊ पडतात, ते काचेपलीकडेच राहते. परतीच्या गाडीत मुलगा खोका मांडीवर घेऊन बसला होता. त्याने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता, तर बरे वाटले असते.

त्यानंतर आम्ही घरबांधणीस रीतसर लागलो. सुताराकडून चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी लाकडी पेटी करून घेतली व तिला फक्त समोर काच बसविली. एका टोकास शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर उष्णतेचा दिवा, शेजारी अतिनील किरणांची नळी. दुसऱ्या टोकास फुटक्या माठाचे अर्धे खापर, आत शिरून बसावयास. उन्हाच्या टोकास 40 अंशांच्या आसपास, सावलीच्या टोकास 25 ते 28, आणि रात्री सर्व दिवे बंद. वाळू घालावयाची नाही, कारण अन्नाबरोबर ती पोटात जाऊन आतड्यात बसते. भोपळा चालतो, पण पालक नको. त्यातील आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. शेतातले नाकतोडे फुकट मिळतात, परंतु कपाशीवरील फवाऱ्याचे विष त्यांच्या पोटात असावयाचे, म्हणून रातकिडे घरीच वाढविले. त्यांच्या किरकिरीने सौभाग्यवतींची झोप गेली, पण त्यांनी तक्रार केली नाही.

वैशाखात संकट उलटे झाले. पारा 42 अंशांवर गेला आणि दिवा न लावताही सारी पेटी तापू लागली. सरडा तोंड वासून बसू लागला. ऊन निर्माण करणे सोपे होते. सावली कोठून आणावी? वाळ्याच्या पडद्याने हवा दमट होते, आणि तीही त्यास मानवत नाही. अखेरीस आम्ही पेटी माजघरात हलविली. आमच्या वडिलांचे हे माळवदाचे घर, हातभर जाड पांढऱ्या मातीच्या भिंती. पाडून स्लॅब घाला, असा सल्ला आम्हांस वर्षानुवर्षे मिळत आहे. त्या भिंतींनी सरड्यास सावली दिली. तो दिवसभर एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाई, तापला की खापरात, निवला की फरशीवर. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, कारण कुंपणाच्या एका बाजूस ऊन असते व दुसऱ्या बाजूस सावली. त्या दोहोंमध्ये ये-जा करता येणे हेच त्याचे जगणे. एकाच टोकाच्या घरात तो मरतो, मग ते टोक कितीही प्रेमाने ऊबदार केलेले असो.

त्याच सुमारास एका पुस्तकात आम्ही वाचले की, हा प्राणी पुढचा एक पाय उचलून सावकाश फिरवितो ते स्वागत नव्हे. आपल्याहून बलवान प्राण्यास 'मी तुमच्या वाटेत येत नाही' असे तो सांगत असतो. आम्ही पुस्तक मिटले. समोर मुलगा गणित करीत होता. आम्ही पाहतो आहोत हे लक्षात येताच तो हसला.

दुसऱ्या दिवशी माजघरालगतची कोठीची खोली रिकामी केली, आणि आत जाताना दार वाजवावयाचे असा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला. पहिले काही दिवस तो खोलीत जेमतेम तासभर बसे. मग दुपारभर बसू लागला. एके दिवशी आम्ही सरड्याचे खापर सहज सरकविले, तर मागून आवाज आला, "हात लावू नका! त्याची जागा आहे ती!" त्याचा चेहरा लाल झाला होता. रागावल्यावर सरड्याची दाढी काळी पडते, तसेच काहीसे. आम्ही खापर होते तेथे ठेवले व क्षमा मागितली. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती म्हणाल्या, "रागावला का? बरे झाले."

त्याची आई दर रविवारी फोन करते. तो कधी परत जाईल, हे अद्याप ठरलेले नाही. यावेळी त्यास विचारावयाचे, एवढे मात्र ठरले आहे. पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान तो रोज एका वहीत लिहितो. परवा ती उघडी होती, म्हणून आम्ही पाहिली. 'ऊन' व 'सावली' या दोन रकान्यांपुढे त्याने तिसरा रकाना आखला होता. त्यात लिहिले होते : 'माझी खोली – 31.'