बासशिवाय
सॅक्सोफोन, तबला, ड्रम्स. डबल बास नाहीच. पियानो वाजतो तो अधूनमधून, कुणाचे हात मोकळे झाले तर. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांच्या ‘संगम’ या त्रिकुटाची ही मैफल मे २००४मध्ये सांता बार्बराच्या लोबेरो थिएटरात झाली आणि तिथेच ध्वनिमुद्रित झाली. लॉइड तेव्हा ६६ वर्षांचे; तबल्याला झाकीर हुसेन, ड्रम्सवर तरुण एरिक हार्लंड. २००१ साली गेलेल्या बिली हिगिन्स या जिवलग ड्रमरच्या आठवणीत जमलेली ही मंडळी, पण वाजवतात ते नाचरं.

गुरुग्रामहून दिल्लीला येताना मेट्रोत मी ‘संगम’ लावतो. यलो लाइन कुतुबमिनारपर्यंत खांबांवरून धावते. साकेतच्या आधी गाडी बोगद्यात शिरते आणि तिची घरघर कानातला सगळा खर्ज गिळून टाकते. चाटेवरची बोटं ऐकू येतात, डग्गा मात्र नाहीसा होतो. लॉइड यांचा टेनर एकदम अधांतरी! एरवी झाकीरभाई मनगट घासत डग्ग्याला बोलतं करतात आणि बासवाल्याचं निम्मं काम परस्पर उरकतात, हे मला त्या बोगद्यात कळलं.

लॉइड फार वाजवत नाहीत. वाक्य अर्ध्यावर सोडतात, कान देऊन थांबतात, मग भलतीकडूनच आत येतात. मध्येच टारोगाटो हे हंगेरीचं लाकडी वाद्य तोंडाला लावतात. पत्ती एकेरी, तरी स्वर सनईकडे झुकणारा.

आपल्याकडे जॅझ आणि तबला एका मंचावर आले की सवाल-जवाब ठरलेलाच. दिल्लीकर तर तिहाई पुरी व्हायच्या आत टाळ्या वाजवून मोकळे होतात. हार्लंड आणि झाकीरभाईंची झटापट ‘संगम’मध्येही आहे, आणि मला ती जरा लांबलेली वाटते. (माझ्या मित्रांना नेमकी तीच आवडते.)

पुढे लॉइड आणि झाकीरभाई पुन्हा तिघांत भेटले: ‘सेक्रेड थ्रेड’ हा २०२२चा अल्बम. सोबत ज्युलियन लाज यांची गिटार. हे वादन २०२०मधलं, टाळेबंदीच्या काळातलं, समोर श्रोते नसलेलं. झाकीरभाई डिसेंबर २०२४मध्ये गेल्यावर मी ते पुन्हा काढलं. देखणं आहे, झाकीरभाई त्यात गातातही. पण गिटार आल्यामुळे डग्ग्यावरचं ओझं उतरतं, आणि मला झाकीरभाई त्या ओझ्याखालीच जास्त आवडतात.