चारशे गाण्यांत नसलेलं एक

बोटीवर कीबोर्ड वाजवायची नोकरी लागण्याआधी मला स्विमिंग टँकमध्ये उडी मारावी लागली. अंगात बॉयलर सूट, वर लाइफ जॅकेट, एका हाताने नाक दाबलेलं, दुसऱ्या हाताने जॅकेट घट्ट धरलेलं. पाण्यात एक रबरी तराफा मुद्दाम उलटा टाकलेला. तो दोरीने ओढून सुलटा करायचा आणि आत चढायचं. माझ्या बॅचमध्ये कोणी इंजिन रूमला जाणार होता, कोणी किचनला. इन्स्ट्रक्टरने विचारलं, "रँक काय?" म्हटलं, "म्युझिशियन." तो म्हणाला, "बरं. पाण्यात सगळे सारखेच. मार उडी."

बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाला हे करावंच लागतं. जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, सुरक्षा असे छोटे छोटे कोर्स. मग डॉक्टरचं सर्टिफिकेट, सीडीसी म्हणजे खलाशाचं निळं पुस्तक, अमेरिकेचा सी-वन-डी व्हिसा. डोंबिवलीत ऑर्केस्ट्रात 'अन्नू मलिक नाइट' आणि 'किशोर नाइट' वाजवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या हातात खलाशाचं पुस्तक आलं, तेव्हा आईने ते देवाजवळ ठेवलं. मला हसू आलं होतं.

मी या वाटेला लागलो तो नाइलाजाने. मार्च २०२० मध्ये सगळे कार्यक्रम बंद झाले. लग्नातली संगीतं, गणपतीचे स्टेज, सगळंच. दोन कीबोर्डांपैकी एक विकला. तेव्हा एका ड्रमरने सांगितलं, क्रूझवाले परत माणसं घेतील तेव्हा ट्राय कर, पण तुला नोटेशन वाचता आलं पाहिजे.

तिथे माझं अडलं. मी सगळं कानाने वाजवायचो. गाणं दोनदा ऐकलं की बोटात यायचं. कागद समोर ठेवला की मी अडाणी. मग धोबी तलावच्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या एका गोवेकर सरांकडे जायला लागलो. वय ऐंशीच्या आसपास, तरुणपणी फिल्मच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलेलं. सर म्हणायचे, "तुला कान आहेत. डोळे नाहीत."

गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं जायचं. त्याच जोरावर गोव्याचे वादक मुंबईत आले, हॉटेलांत वाजवलं, बोटींवर गेले आणि फिल्मच्या ऑर्केस्ट्रात बसले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. 'अमर अकबर अँथनी'मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव म्हणजे प्यारेलालने आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेला सलाम आहे, हे मला सरांकडूनच कळलं. वर्षभर मी त्यांच्याकडे पाच रेघांवरचे ठिपके वाचत बसलो. २०२२ मध्ये व्हिडिओ कॉलवर माझी परीक्षा झाली. समोर कधी न पाहिलेला कागद आला, अर्धा मिनिट बघायला मिळाला, आणि वाजवायचं. मी वाजवलं. पगार महिना १८०० डॉलर. ऑर्केस्ट्रात एका रात्रीचे दोन हजार रुपये मिळायचे, तेही लोक पुढच्या महिन्यात द्यायचे.

बोट फ्लोरिडाहून निघायची. सात रात्रींची फेरी, कॅरिबियन बेटं, परत फ्लोरिडा. सकाळी तीन हजार माणसं उतरायची, दुपारी नवी तीन हजार चढायची. आमचा पाच जणांचा बँड होता. गिटार, बेस आणि गायिका फिलिपाइन्सची, ड्रमर युक्रेनचा, कीबोर्डवर मी. रोज पाऊण तासाचे चार सेट. बोट बंदरातून निघताना स्विमिंग पूलजवळ बॉब मार्ली, रात्री लाउंजमध्ये अबा आणि बिली जोएल. आयपॅडवर चारशेहून जास्त गाण्यांचे चार्ट. पाहुण्याने फर्माईश केली की नाव टाइप करायचं, कागद उघडायचा, वाजवायचं. समुद्र खवळला की कीबोर्डचा स्टँड पट्ट्याने बांधायचा आणि एक पाय किंचित पुढे ठेवून उभं राहायचं. दोन आठवड्यांत पाय आपोआप तसा पडायला लागतो. घरी आल्यावरही बेसिनसमोर दात घासताना तो पुढेच असतो.

आम्ही राहायचो पाण्याच्या पातळीखालच्या डेकवर. खिडकी नाही, दोन बंक, लाइट बंद केला की दिवस का रात्र ते कळत नाही. खालूनच एक लांबच लांब कॉरिडॉर जातो, बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अमेरिकेतून निघणाऱ्या बोटींवर त्याला 'आय-९५' म्हणतात. फ्लोरिडाहून उत्तरेला जाणाऱ्या हायवेचं नाव. ट्रॉल्या, कचऱ्याच्या पिशव्या, बेडशीटचे गठ्ठे, झोपेतून उठून आलेली माणसं, सगळं त्यावरून जातं. वरच्या पाहुण्यांना त्याचा पत्ताच नसतो.

तुम्ही टायटॅनिकचा बँड सिनेमात पाहिला असेल. बोट बुडताना वाजवत राहिलेले. ते आठ जण होते, आठही गेले. पण पुढची गोष्ट सिनेमात नाही. ते बोटीच्या कंपनीचे कर्मचारीच नव्हते. लिव्हरपूलच्या एका एजन्सीने त्यांना पाठवलं होतं आणि दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर बसवलं होतं. त्यामुळे भरपाईची वेळ आली तेव्हा बोटीची कंपनी म्हणाली, हे आमचे नाहीत. एका व्हायोलिनवादकाच्या वडिलांना तर मुलगा गेल्यावर काही दिवसांतच एजन्सीचं पत्र आलं. त्याच्या युनिफॉर्मचे राहिलेले पैसे भरा म्हणून.

आता तसं नाही. २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात बोटीवर काम करणारा प्रत्येकजण खलाशी धरला जातो. त्यात कॅप्टन आला, भांडी घासणारा आला आणि कीबोर्डवालाही आला. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७ तास. संकटाची घंटा वाजली तर माझं काम वाजवण्याचं नाही. मी एका जिन्याच्या तोंडाशी उभा राहून पाहुण्यांना वाट दाखवायची. दर फेरीच्या पहिल्या दिवशी ती ड्रिल व्हायची.

कागदावर आम्ही सगळे खलाशी. पण माझं काम चार-पाच तासांचं. नेमप्लेट लावून मी वरच्या बुफेत जेवू शकायचो, मोकळ्या वेळात डेकवर समुद्र बघत बसू शकायचो. डायनिंग रूममधला असिस्टंट वेटर तीन पाळ्यांत मिळून दहा-अकरा तास उभा. सात-आठ महिने, आठवड्याची सुट्टी नाही. काम नसताना त्याला पाहुण्यांच्या भागात पाऊल टाकायची परवानगी नाही. ७७ तास विश्रांती म्हणजे आठवड्याचे ९१ तास काम करून घेता येतं, हा हिशोब मला अशाच एका वेटरने करून दाखवला होता.

तो वेंगुर्ल्याजवळचा. वय सव्वीस-सत्तावीस. त्याचं नाव इथे लिहीत नाही. बोटीवर सिंधुदुर्गाचे आणि गोव्याचे बरेच होते आणि ते एकमेकांना 'गाववाले' म्हणायचे. मीही त्याला गाववालेच म्हणायचो. मी डोंबिवलीचा असूनही त्याने ते चालवून घेतलं. तो मला दादा म्हणायचा. रात्री माझा सेट आणि त्याची पाळी संपली की मेसमध्ये आम्ही भात खायचो. त्याच्या बोलण्यात नेहमी आई. तिचं आजारपण, तिची औषधं, तिने फोनवर काय सांगितलं. तिच्या ऑपरेशनसाठी त्याने कर्ज काढलं होतं आणि हे कॉन्ट्रॅक्ट त्यासाठीच होतं.

सप्टेंबर २०२३. सेंट मार्टिनहून बोट निघाली होती आणि फ्लोरिडापर्यंत दोन दिवस नुसता समुद्र. पहिल्या दिवशी नाश्त्याची पाळी संपवून साडेदहाला त्याने फोन उघडला. गावात तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. आई दुपारीच गेली होती. पाऊस होता, लोक जमले होते, थांबवून ठेवण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी सगळं उरकलं होतं. भावाने व्हिडिओ पाठवला होता. तो लोड होताना मध्येच अडकत होता आणि हा आय-९५ वर भिंतीला टेकून फोन हलवत होता, जणू हलवल्याने तो पुढे सरकेल.

मला तो तिथेच सापडला. "दादा, आवस गेली रे माझी."

सुपरवायझर चांगला होता. त्याने दुपारची पाळी माफ केली. फ्लोरिडाला उतरून घरी जायचं असेल तर तशी व्यवस्था होईल असंही ऑफिसातून सांगितलं. त्याने बोटांवर मोजलं. रविवारी उतरायचं, पुढे मुंबईपर्यंत विमानं, मग कोकण रेल्वेने कुडाळ. बाराव्याला पोचला असता. पण कॉन्ट्रॅक्ट अर्धवट सुटलं असतं आणि ऑपरेशनचं कर्ज तसंच राहिलं असतं. त्याने नाही म्हणून सांगितलं. मी त्यावर काही बोललो नाही. मला बोलण्याचा अधिकार आहे असं वाटलं नाही.

त्याच्या केबिनमध्ये रूममेट झोपला होता. वरच्या डेकवर त्याला मनाई. मेसमध्ये सगळे येऊन खांद्यावर हात ठेवायचे आणि ते त्याला नको होतं. मी त्याला लाउंजच्या स्टेजमागच्या स्टोअरमध्ये नेलं. तिथे स्पीकर, केबल, तुटके स्टँड आणि आमचा जादाचा कीबोर्ड असतो. क्रूच्या जिन्यावरून जाता येतं. आम्ही दोन खोक्यांवर बसलो. बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो.

मग तो म्हणाला, "दादा, तुका पेटी येता मां?"

त्याला भजन नको होतं. दशावतार सुरू होण्याआधी जे गणपतीचं गाणं होतं ना, ते हवं होतं. त्यांच्याकडे जत्रेतल्या दशावताराला धयकालो म्हणतात. पायपेटी, पखवाज आणि झांज. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर, मग आख्यान, थेट पहाटेपर्यंत. लहानपणी आई त्याला घेऊन जायची. गणपती येईपर्यंत तो जागा असायचा आणि मग तिच्या मांडीवर झोपायचा. त्याला त्या गाण्याचे शब्द नीट येत नव्हते. चाल आठवत होती, म्हणजे आठवते असं त्याला वाटत होतं.

माझ्या आयपॅडमध्ये चारशेहून जास्त गाणी होती. हे नव्हतं. इंटरनेटवर शोधलं, फिरत राहिलं, काही उघडलं नाही. शेजारी पाहुण्यांचा बिंगो सुरू होता, त्यामुळे आवाज करता येईना. मी कीबोर्डला हेडफोन लावला, एक कान त्याला दिला, एक मी घेतला. पेटीचा आवाज त्या कीबोर्डमध्ये नव्हता, अकॉर्डियनचा लावला. तो गुणगुणायचा, मी शोधायचो. काळी एकमध्ये त्याचा गळा बसला.

"असा न्हय. जरा खाली."

वर्षभर नोटेशन शिकल्यापासून मी कानाने असं काही शोधलंच नव्हतं. बोटं सवयीने इंग्रजी कॉर्डकडे जायची. प्रत्येक सुराखाली काहीतरी भरायची. तो मान हलवायचा. मग मी डावा हात मांडीखाली ठेवला आणि एका हाताने वाजवलं. अर्धा-पाऊण तास गेला. एका वळणावर तो गप्प झाला आणि हाताने खुणावलं, हेच. मी ती ओळ पुन्हा वाजवली. मग पुन्हा. त्याने डोक्यावर टॉवेल घेतला आणि रडला. मी बघितलं नाही, वाजवत राहिलो. थांबलो तर त्याला संकोच वाटला असता.

पाच वाजता तो उठला, तोंड धुतलं, बो टाय लावला. साडेपाचला त्याची पाळी होती. मला साडेसातला सेट होता. त्या रात्री एका जोडप्याच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता. त्यांनी फर्माईश केली, मी नाव टाइप केलं, कागद उघडला, वाजवलं. ते खूश झाले. चांगलंच वाजवलं मी. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या जोडप्याचा आनंदही खराच होता. पण त्या कागदाशिवाय मी त्यांच्यासाठी काय होतो, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला.

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघे एकाच वेळी सुट्टीवर होतो. आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, कर्ज फिटलं होतं. त्याने मला त्यांच्याजवळच्या गावातल्या जत्रेला बोलावलं. कुडाळला उतरलो, तो बाइक घेऊन आला होता. रात्री देवळासमोर खाजं घेतलं, शेंगदाणे घेतले, चटईवर बसलो. बाराच्या पुढे पडद्यामागून पेटी सुरू झाली.

चाल तीच होती. पण दुप्पट वेगाने, पखवाज मागे लागल्यासारखा, झांज खणखणत. लोक उठून बसले. मी जे वाजवलं होतं ते अंगाईसारखं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता.

"दादा, तू लय हळू वाजवललंस."

"मग तेव्हा सांगायचं नाही का?"

तो शेंगदाणे सोलत राहिला. पडद्यापुढे गणपती आला होता.

"तेव्हा ताच बरा वाटला," तो म्हणाला.