बँडमध्ये मावणारा पियानो

दुकानात हेडफोन लावून पियानो निवडणाऱ्याला मी आधी एवढंच सांगतो, की तुम्ही आत्ता जे ऐकताय ते नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला कधीच ऐकू येणार नाही. हेडफोनमध्ये खर्ज डाव्या कानात वाजतो, तार सप्तक उजव्या कानात, आणि भोवती एखाद्या मोठ्या सभागृहाची आस असते. रंगमंचावर मात्र शेजारी ड्रम्स, बास गिटार, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि पुढे दोन गायक. सगळ्यांचं वाजून जेवढी जागा उरते तेवढीच पियानोची. बँडसाठी पियानो निवडायचा म्हणजे त्या जागेत तो मावतो का, हे पाहायचं.

याचा उत्तम दाखला १९७६ सालच्या यामाहा सीपी-७० मध्ये सापडतो. त्यात खऱ्या तारा होत्या, खरे हातोडे होते आणि तारांचं कंपन पिकअपमधून थेट अ‍ॅम्प्लिफायरला जाई. पेटी लहान ठेवायची म्हणून खर्जाच्या तारा आखूड केल्या होत्या. त्यामुळे एकटा ऐकला तर हा पियानो ग्रँडपुढे किरकोळ, थोडा पत्र्यासारखा वाटे. पण इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सच्या गदारोळातून त्याचा एकेक स्वर स्वच्छ बाहेर येई. पीटर गॅब्रिएलसारख्या कलावंतांनी तो आवाज आपलासा केला. आजही अनेक डिजिटल स्टेज पियानोंमध्ये त्याच्याच घराण्यातल्या सीपी-८० चा आवाज मुद्दाम दिलेला असतो.

कारण साधं आहे. पियानोच्या ८८ पट्ट्या २७.५ हर्ट्झपासून सुमारे ४१८६ हर्ट्झपर्यंत पसरतात, म्हणजे बँडमधल्या जवळपास प्रत्येकाच्या हद्दीत त्याचा पाय असतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्झची. डाव्या हातानं खाली भरघोस सप्तकं धरली की बासवाला आणि आपण एकमेकांना खातो. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात तर गिटार, पुरुष गायक आणि पियानो मिळून नुसता चिखल होतो. मग साउंडवाला काय करतो? आपला फेडर खाली ओढतो. चिखलाबरोबर इंटरल्यूडही जातो. म्हणून इक्वलायझरची बटणं पॅनेलवर हाताशी हवीत, मेनूच्या पोटात नकोत. आणि आतल्या आवाजांत निदान एक तरी उजळ, सडपातळ पियानो हवा.

दुसरी परीक्षा मोनोची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कीबोर्डला मिक्सरवर एकच चॅनल मिळतो. पियानोचा आवाज मात्र दोन किंवा अधिक माइकांनी स्टिरिओत टिपलेला असतो. डावी-उजवी बाजू एकत्र केली की काही लहरी एकमेकींना मारतात आणि मधल्या सप्तकातले काही स्वर अचानक पोकळ वाटू लागतात. काही मॉडेलांत यासाठी वेगळं मोनो सेटिंग असतं. ते नसेल तर दुकानातच ‘लेफ्ट/मोनो’ आउटपुटमध्ये एकच केबल लावून मधलं सप्तक सावकाश वाजवून बघावं.

आवाज पुढे बदलता येतो. लॅपटॉप जोडता येतो, नवे सॅम्पल भरता येतात. पट्ट्यांची ठेवण मात्र जन्मभराची. खर्जाकडे जड आणि तारेकडे हलकी होत जाणारी हॅमर अ‍ॅक्शन बोटांना सुख देते, पण वजन वाढवते. कावाईच्या लाकडी पट्ट्यांच्या एमपी-११ ची अ‍ॅक्शन सुरेखच. तो तीस किलोंच्या वर भरतो. यामाहा सीपी-८८ भरतो १८.६ किलो आणि त्याचाच धाकटा सीपी-७३ भरतो १३.१ किलो. देशांतर्गत विमानात सहसा १५ किलो सामान फुकट नेता येतं. पियानोच्या वजनात केसचं वजन मिळवा, नाट्यगृहाचा मागचा जिना मिळवा, मग ठरवा.

७३ पट्ट्या पुरतात का, असं हमखास विचारतात. अशा बहुतेक पियानोंचा खालचा शेवटचा स्वर ‘ई’ असतो, आणि बास गिटारच्या जाड तारेचाही तोच. त्याखालचा मुलूख बँडमध्ये तसाही आपला नसतो. एकल वादन करणाऱ्यानं ८८ घ्याव्यात.

आपल्या कार्यक्रमांची एक खास गरज परदेशी परीक्षणांत क्वचितच दिसते. गायकाची काळी एक, गायिकेची काळी चार, पुढच्या द्वंद्वगीतात भलतंच काही. ट्रान्सपोज तर दर गाण्याला बदलतं. म्हणून तो आकडा अंधारात, उभ्यानं वाचता आला पाहिजे आणि प्रत्येक गाण्याच्या पॅचबरोबर साठवता आला पाहिजे. पॅच बदलताना धरलेला स्वर तुटता कामा नये. काही स्टेज पियानोंना पिच बेंड नसतंच. मींड घ्यायची असेल तर वरती दुसरा लहान कीबोर्ड ठेवण्याची तयारी हवी. आणि हो, स्टेज पियानोंत तयार ताल सहसा नसतात, बहुतेकांत स्पीकरही नसतात. ‘एवढे पैसे देऊन ढोलकीसुद्धा नाही?’ असं घरचे विचारणारच.

विजेचं थोडक्यात. मांडवात जनरेटर असतो आणि कोणाचा तरी पाय वायरीत अडकतोच. पॉवर कॉर्ड थेट आत जाणारं मॉडेल मिळालं तर उत्तम. अडॅप्टरवालं असेल तर जादा अडॅप्टर त्याच दिवशी घ्यावा. एक्सएलआर आउटपुट नसेल तर स्वतःचा डीआय बॉक्स पिशवीत असू द्यावा, म्हणजे लांब केबलची घरघर टळते.

दुकानात जाताना फोनवर आपल्याच बँडचं पियानोविना रेकॉर्डिंग न्यावं. ते मोठ्यानं लावायचं, पियानो एका साध्या स्पीकरला मोनोत जोडायचा आणि उभं राहून त्यावर वाजवायचं. ज्याचा स्वर आवाज न वाढवता वर येतो, तो घ्यायचा. घरी एकट्यानं वाजवताना तो जरा कोरडा वाटेल. वाटू दे, घरी तिकीट काढून कोणी येत नाही.