हिंग नाही, मग फोडणीत काय?

स्वयंपाक करताना एखादा मसाला संपला की आपण शेजारी वाटी पाठवतो किंवा आहे त्यात भागवतो. चिंच नसेल तर आमसूल टाकतो, आमचूर नसेल तर लिंबू पिळतो. चव थोडी बदलते, कुणी नाक मुरडतं, आणि जेवण पार पडतं. माझ्याकडे मात्र हा प्रश्न एकदा दवाखान्यात आला, तोही एका सात वर्षांच्या मुलीच्या फाइलसोबत.

मुलीला सिलिअ‍ॅक आजार होता. या आजारात गहू आणि सातू (जव) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. अन्न पोटात जातं, पण अंगी लागत नाही. लोह शोषलं जात नाही म्हणून रक्त कमी, कॅल्शियम शोषलं जात नाही म्हणून हाडं कच्ची, आणि उंची-वजन अडकलेलं. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. यावर सध्या एकच उपचार आहे, तो म्हणजे ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद.

या घराने मनापासून पथ्य पाळलं. पोळी गेली, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी आली. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, ब्रेड सगळं बंद झालं. मुलीचं पोट सुधारलं, हिमोग्लोबिन वाढलं. पण वर्ष होऊन गेलं तरी रक्तातली टीटीजी अँटिबॉडी म्हणावी तशी उतरत नव्हती. याचा बहुतेक वेळा अर्थ एकच असतो, की ग्लुटेन कुठून तरी अजून पोटात जातंय. आईला शाळेच्या डब्याची शंका, बाबांना वाढदिवसाच्या केकची. मी म्हटलं, पुढच्या वेळी मिसळणाचा डबा आणि फडताळातल्या सगळ्या बरण्या-पाकिटं घेऊन या.

आले ते आजीला घेऊन. स्वयंपाक आजीच करत होत्या. पिशवीतून एकेक वस्तू काढताना त्यांनीच हिंगाची डबी डोळ्यांजवळ धरली आणि भिंगातून घटक वाचून दाखवले: डिंक, गव्हाचं पीठ आणि शेवटी हिंग. "डॉक्टर, मी चाळीस वर्षं हिंग म्हणून मैदा घालत होते का?"

हिंग म्हणजे फेरूला जातीच्या झाडाच्या मुळाला चीर देऊन काढलेला चीक. तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इथून येतो. भारतात त्याची लागवड करण्याचा प्रयत्न हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात २०२० मध्ये सुरू झाला. शुद्ध चीक इतका उग्र असतो की रोजच्या फोडणीत तो झेपत नाही. म्हणून त्यात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळून 'कंपाउंडेड' हिंग विकला जातो. यात फसवणूक नाही, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. आणि खडा हिंग आहे म्हणजे तो शुद्धच, असंही नाही. मिश्रणाचेही खडे करतात.

आता हिशेब करू. समजा फोडणीत अर्धा ग्रॅम हिंग पडला आणि त्यात निम्मं गव्हाचं पीठ असलं, तर ग्लुटेन साधारण २५ मिलिग्रॅम. चार माणसांत वाटलं तर एकाच्या वाट्याला सहाएक मिलिग्रॅम. एका वेळेला हे फार वाटत नाही. पण वरणात, उसळीत, भाजीत, ताकात, लोणच्यात असं दिवसभर साठत जातं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या आतड्याला इजा होते.

तरीही मला एकट्या हिंगाने समाधान होईना. मी विचारलं, पोट बिघडलं की मुलीला काय देता? आजी लगेच म्हणाल्या, "मऊ भात, तूप आणि मेतकूट. घरचंच हो, विकतचं नाही." मेतकुटात तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ यांच्यासोबत मूठभर गहूही भाजून घालतात. भाजल्याने ग्लुटेन नाहीसं होत नाही. घरच्या बरणीवर घटकांची यादी छापलेली नसते, त्यामुळे ती कुणाच्याच संशयात आली नव्हती. आजी बराच वेळ गप्प बसल्या. नात आजारी पडली की त्या तिला सर्वांत मायेने जे भरवत होत्या, तेच हे होतं.

मी त्यांना म्हटलं, आता पर्याय तुम्हीच शोधायचे आहेत, कारण या घराची चव तुमच्या हातात आहे. मी फक्त एक गोष्ट सांगितली. पर्याय शोधताना मसाल्याचं नाव विसरा, तो पदार्थात काम काय करतो ते बघा. हिंगाचा वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो आणि तो गरम तेला-तुपात खुलतो. लसणाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. म्हणून वरणाला तुपात लालसर केलेला लसूण आणि जिरं हा सर्वांत जवळचा पर्याय. लसूण चालत नसेल त्या दिवशी जिरं आणि थोडं किसलेलं आलं. गवार, घेवडा, वाटाणा अशा भाज्यांना चिमूटभर ओवा. आणि हिंगच हवा असेल तर तांदळाच्या पिठातला, पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेला. आपल्याकडे त्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

मेतकूट आजींनी गव्हाशिवाय केलं. गव्हाच्या जागी थोडी मूगडाळ वाढवली, सुंठ, धणे, जिरं, हळद नेहमीसारखं. एकच अट होती, दळण गिरणीत न्यायचं नाही. गिरणीच्या जात्यात आधीच्या माणसाचा गहू उरलेला असतो. घरच्या मिक्सरमध्ये वाटून, बारीक चाळणीने चाळायचं. ज्वारी-बाजरीच्या पिठालाही हाच नियम.

वाचकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो.

पहिली, हे वाचून गहू स्वतःहून बंद करू नका. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाणं चालू असतानाच खात्रीचं उत्तर देतात. आधी पथ्य आणि मग तपासणी केली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांनी हिंगाला घाबरण्याचं काहीच कारण नाही.

दुसरी, 'पर्याय' या शब्दावर डोळे झाकून विश्वास नको. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. अनेकांना ते उपयोगी पडतं. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. असं मीठ घरात आणण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

सहा महिन्यांनी मुलीची अँटिबॉडी बरीच खाली आली होती, उंचीही वाढू लागली होती. मी विचारलं, आजीच्या हातचं वरण आता कसं लागतं? ती म्हणाली, "वेगळं लागतं. पण मला लसणाचंच आवडतं." आजी म्हणाल्या, "हिला आठवतच नाही हो आता पहिलं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडं वाईट वाटल्याचं दिसलं, आणि बरंच सुटल्यासारखंही.