मागच्या माणसासाठी मडगार्ड

पावसाळ्यातला रविवार आला की आमच्या कचेरीतले तिघे-चौघे आम्ही सायकलने सिंहगडाच्या पायथ्याशी जातो. स्वारगेटहून धायरी फाटा, किरकटवाडी, खडकवासला आणि पुढे धरणाच्या कडेने डोणजे. वाट सोपी, त्रास फक्त चिखलाचा.

माझी सायकल पुतण्याने वापरून दिलेली, रेसिंगची. टायर २५ मिलिमीटरचे. टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये बोटही शिरत नाही, मग लोखंडी मडगार्ड बसणार कुठे? मी नाद सोडला. पाठीवर चिखलाची रेघ उमटते, एवढेच ना!

गेल्या जुलैत खडकवासल्याच्या अलीकडे माझ्या चाकाचे गढूळ पाणी मागच्या सहकाऱ्याच्या चष्म्यावर उडाले. खड्डा दिसला नाही. त्यांचे मनगट मोडले. तक्रारीचा एक शब्द ते बोलले नाहीत, तेच मला अधिक लागले.

त्याच आठवड्यात मी प्लॅस्टिकचे हलके मडगार्ड आणले. हे ब्रेकखालून जात नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना रबरी पट्ट्यांनी बांधायचे, पुढचे चिमट्याला. चाक फिरवून कुठे घासत नाही ना, ते पाहायचे. पण आखूड मडगार्डने आपली पाठ वाचते, मागच्याचे तोंड नाही. म्हणून तेलाच्या प्लॅस्टिक डब्याचा तुकडा कापून मागच्या टोकाला खाली लोंबता जोडला.

सप्टेंबरात ते पुन्हा आले, माझ्याच मागे. धरणाजवळ कणीस घेताना मी आधी त्यांचा चष्मा पाहिला. स्वच्छ होता.