एक सर्व्हर आणि तीस जण



आपल्या इंदूरकरांच्या ग्रुपवर सराफा, राजवाडा, जुने गणेशोत्सव यांच्या आठवणी पुष्कळ येतात. माझी आठवण जरा कोरडी आहे, २०१९ च्या पावसाळ्यातली.

आमची सूनबाई इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. विभागात एकच मोठा सर्व्हर. त्यावर ‘आर’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि तीसेक मुलं आपापल्या नावाने लॉगिन करून त्यातच काम करणारी. हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात इहाका आणि जेंटलमन या दोघांनी सुरू केलं. आज जगभर चालतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणीतरी हौसेने जुनं व्हर्जन काढून नवं टाकलं. कोणाला सांगितलं नाही, कुठे लिहून ठेवलं नाही. जुलैत पीएचडी करणारी एक मुलगी रडकुंडीला आली. देवासहून रोज बसने येणारी. प्रबंधातला एक तक्ता तिने पुन्हा काढला तर आकडे वेगळेच! तोच डेटा, तोच प्रोग्रॅम. गाइड म्हणाले, आधीचे आकडे आणलेस कुठून? म्हणजे सरळ संशयच की हो. आकडा जुळला नाही की लोक कसे बघतात, हे बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगायला नको.

रात्री जेवताना विषय निघाला. मी विचारलं, “आधीचा तक्ता कोणत्या व्हर्जनवर काढला होता?” सूनबाईने हातातली पोळी तशीच ठेवली. म्हणाली, “बाबा, थांबा.”

भानगड अशी होती. संगणकाने चिठ्ठ्या उचलाव्यात तसा नमुना काढायचा, तर त्याला एक आकडा ‘बी’ म्हणून देतात. बी तेच, तर चिठ्ठ्याही त्याच. पण ३.६ व्हर्जनपासून चिठ्ठ्या उचलायची रीतच बदलली, कारण जुन्या रीतीत यादी फार मोठी असली तर सगळ्यांना अगदी समान संधी मिळत नव्हती. सूनबाईने मला करून दाखवलं. बी १२३, एक ते दहा आकडे. जुन्यात आलं ३, ८, ४, ७. नव्यात ३, १०, २, ८. मुलीच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालून जुनी रीत परत लावली आणि तक्ता शेवटच्या दशांशापर्यंत जुळला. गाइडसाहेबांनी मान हलवली. सॉरी म्हणायला हवं होतं, ते काही म्हणाले नाहीत.

त्यानंतर सर्व्हर सूनबाईच्याच गळ्यात पडला. तिने आणि मी बसून घडी बसवली, मी आपला फक्त बँकेची पद्धत सांगणारा. स्ट्राँगरूम कशी, दोन किल्ल्या दोघांकडे, एकट्याने उघडायची नाही. तसं सगळ्यांसाठी असलेली पॅकेजेस सामायिक लायब्ररीत. तिथे लिहायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला, आणि बदल करताना दुसरं कोणी हजर पाहिजे. बाकी ज्याला जे हवं ते त्याने स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकावं, आपल्या टेबलाच्या ड्रॉवरसारखं. ती सोय ‘आर’मध्ये मुळातच आहे. नवं व्हर्जन आलं तरी जुनं काढायचं नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. आणि एक रजिस्टर: तारीख, काय बदललं, कोणी. हे रजिस्टर कागदाचंच असावं हा माझा हट्ट, सर्व्हर बंद पडला तर त्याच्यातलंच रजिस्टर वाचणार कसं? पोरं हसली. हसू देत.

मेमरीचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. ‘आर’ सगळा डेटा रॅममध्ये घेऊन बसतं. एकाने भलीमोठी फाइल उघडली की बाकीच्यांची कामं अडतात, कधी तर मध्येच मरतात. प्रत्येकाला मर्यादा घालावी असं मी म्हणतो. सूनबाई म्हणते, “बाबा, मग ज्याचं काम खरंच मोठं आहे त्याने काय करायचं?” तूर्त मोठी कामं रात्री दहानंतर, असं ठरलंय.