डॉक्टरसाहेबांची गाडी

इंदूरला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, सराफ्यात खायला कधी जायचं? आणि दुसरा, ती गाडी अजून आहे का? तर मंडळी, गाडी आहे. गौतमपुऱ्याच्या घरामागच्या शेडमध्ये आहे, १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, दुधी रंगाची आहे आणि एका किल्लीत सुरू होते. सौ.चं म्हणणं असं की हे शेवटचं वाक्य मी जरा जास्तच जोरात बोलतो. त्याला कारण आहे. ते आजवर घरातल्यांनाही पूर्ण सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

गौतमपुरा हे मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं गाव. इंदूरहून देपालपूरमार्गे साधारण साठ किलोमीटर. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, तिथे डॉक्टर होते. १९८३ मध्ये त्यांनी इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडून ही गाडी घेतली. नव्या गाडीसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून जुनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. मूळ अवतार इटलीच्या फियाट ११०० चा, त्यामुळे आमच्या घरात तिला पद्मिनी कोणी म्हटलंच नाही. ती ‘फियाट’. आणि गावासाठी ‘डॉक्टरसाब की गाड़ी’.

इंजिन १०८९ सीसीचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढच्या लांबलचक सीटवर तिघं आरामात बसायची. आई मध्ये आणि मी खिडकीशी. उन्हाळ्यात गाडी तापली की पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी रस्त्यात उभी राहायची. मग अप्पा पंपाला ओलं फडकं गुंडाळायचे आणि आम्ही बाभळीखाली बसून कलिंगड खायचो. मला वाटायचं, सगळ्या गाड्यांना मधूनमधून अशी विश्रांती लागतेच.

मी सोळा वर्षांचा झालो तोवर मला त्या बॉनेटखालच्या जगाचं वेड लागलं होतं. १९८६ ची दिवाळीची सुट्टी. पाडव्याच्या दुपारी अप्पा दवाखान्यात होते. मी डिस्ट्रिब्यूटर उघडला. आमच्याकडचे मिस्त्री त्याला ‘डेल्को’ म्हणतात. त्यातले पॉइंट काढले, पॉलिश पेपरने घासले आणि परत बसवले. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. सुरू करूनही पाहिली नाही, कारण आवाज झाला असता तर आईला कळलं असतं.

पाडव्याची संध्याकाळ म्हणजे गौतमपुऱ्यात हिंगोट. हिंगोरीची फळं आतून कोरून, वाळवून, त्यात दारू ठासतात, बांबूची काडी बांधतात आणि अंधार पडला की गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि रुणजीचा ‘कलगी’ हे दोन गट ती पेटवून एकमेकांवर फेकतात. हातात ढाल असते. हार-जीत काही नसते. भाजणं मात्र असतं, त्यामुळे त्या रात्री अप्पांचा दवाखाना उघडाच असायचा.

साडेसात-आठच्या सुमारास एका तरुणाला उचलून आणलं. हिंगोट डोळ्यावर लागला होता. अप्पांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, “हे इथलं काम नाही, इंदूरला न्यायला हवं. आत्ताच.”

त्याला मागच्या सीटवर झोपवलं. अप्पांनी चोक ओढला, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. पुन्हा. पुन्हा. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरी माझ्या हातात दिली. आधी पेट्रोल येतंय का पाहिलं, मग एकेक प्लग काढून पुसला. कोणीतरी दुसरी गाडी शोधायला पळालं. आणि मी उजेड धरून उभा होतो. दोष कुठे असणार हे मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही. सगळ्यांसमोर बोलणं खायची भीती वाटली. तो मुलगा मागे कण्हत होता. अप्पांनी चौथा प्लग बसवून पुन्हा किल्ली फिरवली आणि तरीही काही झालं नाही, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “अप्पा, दुपारी मी डेल्को उघडला होता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय काढलंस?”

“पॉइंट.”

टोपण उघडल्यावर त्यांना एका मिनिटात दिसलं. पॉइंटच्या स्क्रूखाली फायबरचा एक वॉशर असतो, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. वीज धातूच्या अंगाला लागून वाया जाऊ नये म्हणून तो मध्ये असतो. तो नसला की ठिणगीच पडत नाही. मी धावत जाऊन खिडकीतली काड्यापेटी आणली. वॉशर तिच्यात होता. अप्पांनी तो बसवला, फट मोजायला औषध कंपनीच्या माणसाचं व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवलं, आवळलं. गाडी सुरू झाली. सगळे मिळून चाळीस मिनिटं गेली असतील. त्यातली वीस माझ्या गप्प राहण्याची.

त्या तरुणाचा डोळा वाचला नाही.

इंदूरहून परतताना पहाटे अप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, माझ्यासमोर ठेवला. “कार्डावर भागवलंय. आता नीट बसव.” मी पाऊण तास खपून फट बसवली. ते शेजारी स्टुलावर बसून होते. शेवटी म्हणाले, “गाडी उघडायला माझी ना नाही. उघडलीस की सांगायचं.” बस, एवढंच. वेळेवर पोचलो असतो तर डोळा वाचला असता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि २००९ मध्ये ते गेले.

नंतर सहा वर्षं गाडी शेडमध्ये उभी राहिली. मी बँकेच्या नोकरीत, इंदूरला. २०१५ मध्ये ताडपत्री काढली तेव्हा सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. उभ्या गाडीचं चालत्या गाडीपेक्षा जास्त नुकसान होतं, हे तेव्हा कळलं. टाकीत गंज, ब्रेकचे सिलिंडर जाम, रबर तेवढं सगळं तडकलेलं. देपालपूरचे एक वयस्क उस्ताद आणि मी, दर रविवारी बसायचो. टाकी उतरवून आतून साफ केली, ब्रेकची रबरं बदलली, पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस भरलं. आठ महिने लागले. खर्च विचारू नका, सौ. हा अंक वाचते.

सुटे भाग मुंबईहून यायचे, कारण तिथे पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. तेव्हापासून कुठे पंप किंवा कार्बोरेटरचं किट दिसलं की मी दोन घेऊन ठेवतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, पंपाचा पडदा बदलला, आणि टाकीत पेट्रोल फार दिवस साठू देत नाही. म्हणजेच गाडी चालवतो. औषधही तेच आणि मजाही तीच. देपालपूरच्या रस्त्यावर गव्हाच्या शेतांमधून पन्नासच्या वेगाने, खिडक्या उघड्या ठेवून. ट्रॅक्टरवालेसुद्धा ओव्हरटेक करताना हात करतात.

गेल्या वर्षी गाडीला पन्नास वर्षं झाली. लेक म्हणाली, “बाबा, आता हिची विंटेज म्हणून नोंदणी करू या.” २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ती मिळते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मलाही मोह झाला. पण नियमात पुढे असंही आहे की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. मी दोन दिवस विचार केला आणि नेहमीचं, पाच वर्षांचं नूतनीकरणच करून घेतलं. रात्री कोणी दार ठोठावलं तर ही गाडी निघाली पाहिजे. आता गावात गाड्या पुष्कळ आहेत, कोणी दार ठोठावत नाही, हे मला कळतं. तरी.

त्याच आठवड्यात मी आणखी एक काम केलं. तो तरुण आता साठीचा आहे, गावात त्याचं किराण्याचं दुकान आहे. इतकी वर्षं मी तिथून सामान घेत होतो आणि नजर चुकवत होतो. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, वॉशर, काड्यापेटी, वीस मिनिटं. तो ऐकत राहिला. तराजूतली डाळ पिशवीत भरून झाली, पिशवीला गाठ मारून झाली. मग म्हणाला, “अब तो एक बार में चालू होती है ना?”

“होती है,” मी म्हणालो.

“तो कभी बिठाओ, भिया. उस दिन तो कुछ दिखा ही नहीं था.”

माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही मागितलं नाही. पुढच्या रविवारी तो पुढच्या सीटवर, खिडकीशी बसला आणि आम्ही देपालपूरला जाऊन कचोरी खाऊन आलो.

परवा शेडमध्ये गेलो तर स्टिअरिंगला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर लेकीचं. “बाबा, कार्बोरेटर उघडलाय, फ्लोट बाहेर काढून ठेवलाय. सुरू करू नका.” खाली तारीख, वेळ आणि सही.

मी किल्ली खिळ्याला परत टांगली आणि चहाला आत गेलो.